मापं शरीराची, खातं कर्जाचं

१९८८ साली अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ कार्यक्रमाने पॅरिसला नशीब काढायला गेलेल्या तरुण मॉडेल्सच्या लैंगिक शोषणाच्या तक्रारी जगासमोर आणल्या. आरोप झालेल्यांत जाँ-ल्यूक ब्रुनेल हा एजंट होता. त्याने ते नाकारले आणि पुढेही अनेक वर्षं तो याच धंद्यात राहिला. अटक झाली ती थेट डिसेंबर २०२० मध्ये. फेब्रुवारी २०२२ मध्ये, खटला उभा राहण्याआधीच, तो तुरुंगात मृतावस्थेत सापडला. चव्हाट्यावर आलेली गोष्ट इतकी वर्षं खपते कशी? ‘काही माणसंच वाईट’ हे उत्तर धंद्याला सोयीचं आहे. मला मात्र कारण मुलीच्या खात्यावर दिसतं.

सोळा-सतरा वर्षांची मुलगी परक्या शहरात उतरते तेव्हा तिच्या नावावर उधारी चढलेली असते. विमानाचं तिकीट, व्हिसा, पोर्टफोलिओचे फोटो, दाटीवाटीच्या फ्लॅटमधल्या बंक-बेडचं भाडं, सगळं एजन्सी आधी भरते आणि कमाईतून कापून घेते. वर कमिशन वेगळं. नामांकित मासिकासाठी दिवसभर उभं राहून हाती पडतं ते किरकोळ. काही शोंमध्ये तर पैशांऐवजी कपडेच. आपल्याकडे घराघरांत माहीत असलेला एच-१बी व्हिसा अमेरिकेत मॉडेल्सनाही मिळतो, आणि तोही मालकाशीच बांधलेला. अशा मुलीने छायाचित्रकाराबद्दल तक्रार करायची ती कोणाकडे? ज्याचं देणं आहे, त्याच्याचकडे.

सुधारणा झाल्या, पण बहुतेक शरीराभोवती फिरल्या. २००६ मध्ये उरुग्वेची मॉडेल लुइसेल रामोस शोदरम्यान मरण पावली. त्यानंतर माद्रिदने १८ पेक्षा कमी बीएमआय असलेल्या मॉडेल्सना रॅम्पवर मनाई केली. २०१७ मध्ये एलव्हीएमएच आणि केरिंग या बड्या समूहांनी सोळा वर्षांखालच्या मुलींना मोठ्यांच्या शोमधून वगळलं. हे चांगलंच झालं. पण वजनकाट्याने कर्ज मोजता येत नाही.

यावर एजन्सीवाले म्हणतात, अनोळखी मुलीवर पैसा आम्ही लावतो, बुडाला तर आमचा बुडतो. यात तथ्य आहे. बऱ्याच मुली कर्ज न फेडताच परत जातात. पण धोका पत्करणारा गुंतवणूकदार खर्च मुलीच्या नावावर लिहीत नाही. मुली स्वखुशीने येतात, हा दुसरा मुद्दा. येतात खऱ्या, पण हिशेब आधी दाखवलेला नसेल तर त्या खुशीला काय अर्थ?

म्हणूनच ‘मॉडेल अलायन्स’ या संघटनेने रेटलेला, जून २०२५ मध्ये लागू झालेला न्यूयॉर्कचा फॅशन वर्कर्स ॲक्ट मला वेगळा वाटतो. त्याने कमिशनला २० टक्क्यांची मर्यादा घातली, राहण्याचं भाडं बाजारभावापेक्षा जास्त लावायला बंदी केली आणि मुलीचं हित जपणं ही एजन्सीची कायदेशीर जबाबदारी ठरवली. उचल मात्र बंद झालेली नाही. प्रवास आणि व्हिसाच्या खर्चाला मुलीची लेखी संमती असली की ती आजही देता येते, आणि ती संमती मागणारी असते एजन्सीच.