विश्वामित्रीच्या काठाकाठाने

बडोद्याबाहेरचा पाहुणा घरी आला की आपल्या मराठी घरांतून एक ठरलेला कार्यक्रम आखला जातो. सकाळी लक्ष्मीविलास राजवाडा, दुपारी कामाटी बागेतील संग्रहालय, सायंकाळी सूरसागरच्या काठी फेरफटका आणि परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी लीला चिवडा व भाकरवडीचा पुडा. पाहुणे तृप्त होतात आणि आपणही यजमानधर्म पाळल्याच्या समाधानात असतो. मात्र या कार्यक्रमात विश्वामित्री नदी सहसा येत नाही. किंवा येते ती पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावण्यापुरती.

आमच्या काही शिक्षकमित्रांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी गेले दोन हिवाळे रविवारची सकाळ या नदीसाठी राखून ठेवली. उगमाकडच्या डोंगरापासून शहराच्या दक्षिण वेशीपर्यंत, जमेल तेथे पायी आणि न जमेल तेथे वाहनाने, आम्ही तिच्या काठाकाठाने हिंडलो. ज्यांना आपण राजवाडा, बाग, तलाव, वन अशी निरनिराळी नावे देतो, त्यांपैकी बहुतेकांचे या नदीशी काही ना काही नाते आहे, हे त्या हिंडण्यातून ध्यानी आले. तेच वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

विश्वामित्रीचा उगम पावागडच्या डोंगरात आहे. शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर सपाट प्रदेशातून एकाएकी उठलेला हा डोंगर आणि त्याच्या पायथ्याचे चांपानेर यांस २००४ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. गड काही काळ ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे होता, हे आपल्या मुलांना क्वचितच ठाऊक असते. कालिकामातेच्या दर्शनास जाणारी गर्दी वरच्या वाटेने जाते. आम्ही मुद्दाम पायथ्याच्या झाडीत रेंगाळलो. हिवाळ्यात ओढ्यांत पाणी असे जवळजवळ नसतेच. गोटे, वाळू आणि सागाची वाळकी पाने. पावसाळ्यात बडोद्याला घाबरवून सोडणारी नदी ती हीच, हे तेथे उभे राहून कुणाला सांगितले तर पटणार नाही.

डोंगर आणि शहर यांच्या मध्ये आजवे आहे. महाराज सयाजीराव गायकवाडांनी बांधविलेला हा मातीचा बंधारा, आणि त्यामागचे सयाजी सरोवर. १८९२ सालापासून याचे पाणी बडोद्यास येऊ लागले. त्यापूर्वी शहराची तहान विहिरी आणि तलाव भागवीत. सरोवर शहराहून उंचावर असल्याने पाणी उताराने आपले आपण खाली येते, ही योजनेतील खुबी. शहर आज अनेक पटींनी वाढले, महीचेही पाणी आणावे लागले. तरी पूर्व भागातील पुष्कळ घरांच्या नळांना अद्यापि आजव्याचेच पाणी येते. बंधाऱ्याला बासष्ट दरवाजे आहेत. भाद्रपदात संततधार लागली की शहरातील प्रत्येक घरात एकच पृच्छा असते : ‘आजव्याची पातळी किती झाली?’ एरवी उरलेले वर्षभर त्याचे नाव कुणी काढीत नाही.

सरोवराखालची निमेट्याची बाग सहलींसाठी प्रसिद्ध आहे. तिच्याविषयी अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही. ज्यांना एक दिवस मोकळा असेल त्यांनी त्याऐवजी डभोईजवळचे वढवाणा गाठावे. हाही सयाजीरावांच्याच काळातील, विसाव्या शतकाच्या आरंभी शेतीसाठी बांधलेला तलाव. हिवाळ्यात दूरदेशीचे पाणपक्षी येथे हजारोंनी उतरतात आणि म्हणूनच २०२१ साली त्याचा समावेश रामसर यादीत झाला. आणखी पुढे जांबुघोडा. एके काळचे लहानसे संस्थान, आज सुमारे १३० चौरस किलोमीटरचे अभयारण्य. साग, मोह, बांबू यांचे दाट रान आणि त्यात अस्वले. संस्थानिकांची शिकारीची राने कालांतराने अभयारण्ये व्हावीत, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा.

आता शहराकडे वळू. नदी शहरात शिरली की तिचे काठ सरळ राहत नाहीत. पाण्याने कोरलेल्या खोल घळी दोन्ही बाजूंना पसरतात. त्यांना येथे कोतरे म्हणतात. या कोतरांच्या आधाराने वस्ती फार प्राचीन काळापासून आहे. पश्चिम काठावरचे अकोटा हे मूळचे अंकोट्टक. तेथे १९५१ च्या सुमारास सापडलेल्या जैन धातुमूर्ती बडोद्याच्या संग्रहालयात आहेत. त्या न पाहता संग्रहालयातून परतणे म्हणजे देवळात जाऊन बाहेरच्या दीपमाळेलाच नमस्कार करून येणे होय. इ. स. ८१२ च्या एका ताम्रपटात ‘वडपद्रक’ या गावाचा उल्लेख आहे, तोही अंकोट्टकाच्या आसपासचे एक गाव म्हणून. वडांच्या राईतले ते खेडे म्हणजे आजचे बडोदे. राज्ये बदलली, मुख्य गाव कोणते आणि उपनगर कोणते हेही उलटेपालटे झाले. मधून वाहणारी नदी तीच राहिली.

लक्ष्मीविलास राजवाड्याची इमारत सर्वांनी पाहिलेली असते. मेजर मँट यांनी आराखडा केला, त्यांच्या निधनानंतर चिझम यांनी काम पुढे नेले आणि १८९० साली वाडा पूर्ण झाला. आग्र्याचा तांबडा दगड आणि आपल्या पुण्याकडचा निळसर काळा पाषाण येथे शेजारी शेजारी बसले आहेत. पण आम्हांस अधिक भावले ते पाचशेहून अधिक एकरांचे आवार. इंग्लंडातील क्यू येथील उद्यानविद्येत मुरलेल्या गोल्डरिंग यांनी ते आखले. पुढे त्यात गोल्फचे मैदान झाले, काही भागांत इमारती उठल्या. तरीही शहराच्या ऐन मध्यावर इतकी वृक्षराजी, वानरांचे कळप आणि मोरांचे केकारव अन्यत्र मिळणार नाहीत. याच आवारात नवलखी वाव आहे. राजवाड्याच्या कितीतरी आधीची, पंधराव्या शतकाच्या आरंभीची ही पायऱ्यांची विहीर. वरच्या उन्हातून चार मजले खाली उतरावे तसा गारवा वाढत जातो. ती पाहण्यास परवानगी घ्यावी लागते, हे आधीच सांगून ठेवतो.

मकरपुऱ्याच्या राजवाड्याविषयी मात्र दोनच वाक्ये. खंडेराव महाराजांनी १८७० च्या सुमारास बांधविलेला हा इटालियन धाटणीचा उन्हाळी वाडा आज वायुदलाकडे आहे आणि सामान्य नागरिकास आत प्रवेश नाही. त्याच्या बागेची वर्णने वृद्धांच्या तोंडून ऐकावीत.

कामाटी बाग, म्हणजे कागदोपत्री सयाजी बाग, १८७९ साली नदीच्या दोन्ही काठांवर लावली गेली. क्षेत्र ११३ एकर. प्राणिसंग्रहालय, वस्तुसंग्रहालय, महीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा, फुलांचे घड्याळ, मुलांची आगगाडी — या गोष्टी प्रत्येक बडोदेकराच्या बालपणाचा भाग आहेत. परंतु या बागेत एक स्थान असे आहे की जेथे आम्ही शाळेच्या मुलांना दरवर्षी नेतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर विलायतेस जाऊन आले आणि करारानुसार १९१७ साली बडोदे सरकारच्या चाकरीत रुजू झाले. शहरात त्यांना राहावयास जागा कुणी देईना. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. तेथूनही काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना हुसकले. मुंबईची गाडी रात्रीची होती. ती वेळ येईपर्यंत ते याच बागेत बसून राहिले. आज त्या जागेस संकल्पभूमी म्हणतात आणि २३ सप्टेंबरला तेथे मोठा समुदाय जमतो. शिष्यवृत्ती देणारे संस्थान आणि छप्पर नाकारणारे शहर ही दोन्ही एकच बडोदे होती, हे मुलांना त्या झाडाखाली उभे करून सांगावे लागते. वर्गात सांगितलेले तितके पोचत नाही.

बागेतील पुलावरून खाली पाहिले की नदीचे खरे रहिवासी दिसतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये झालेल्या गणनेत शहर व परिसरातील विश्वामित्रीत ४४२ मगरी मोजल्या गेल्या. लाखोंच्या वस्तीच्या मधोमध एवढ्या मगरी राहतात, हे बाहेरच्यांना खोटे वाटते. मगर काठाच्या मातीत बीळ करते. उन्हाळ्याच्या आरंभी मादी पाण्यापासून थोड्या उंचीवर वाळू-माती उकरून त्यात अंडी घालते. दोनएक महिन्यांनी, पहिल्या पावसाच्या सुमारास पिले बाहेर येतात. म्हणजे तिचा सारा संसार पाण्यात नसून काठात आहे. काठ मातीचा, उताराचा आणि झाडोऱ्याचा राहिला तर मगर तेथेच राहते. काठ सिमेंटचा झाला की तिला जावे कोठे हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर आपल्या अंगणात मिळते.

ऑगस्ट २०२४ मध्ये ते मिळाले. डोंगरात पाऊस, आजवे भरलेले आणि शहरावरही मुसळधार. नदीची धोक्याची पातळी पंचवीस फूट. पाणी पस्तीस फुटांवर गेले. तीन दिवसांत वस्त्यांतून चोवीस मगरी पकडून सुरक्षित नेण्यात आल्या. आमच्या शाळेतील कितीतरी मुलांच्या घरी छातीएवढे पाणी होते. शाळा सुरू झाल्यावर पहिले दोन दिवस मुले वह्या न घेताच आली, आणि आम्हीही त्या मागितल्या नाहीत.

त्यानंतरच्या पालकसभेत एका मातेने विचारले, ‘सर, तुम्ही मुलांना नदी दाखवायला नेता. त्या मगरी सगळ्या धरून लांब का नाही सोडत? आमच्या जिन्यात होती हो एक!’ सभेत हशा पिकला, पण त्या बाई हसत नव्हत्या. प्रश्न रास्त होता. त्यास उपदेशाने उत्तर देणे आम्हांस योग्य वाटले नाही. आम्ही त्यांना इतकेच सांगितले, की मगरी नेल्या तरी पाणी येणारच होते. जिन्यात मगर आली ती पाण्याच्या पाठोपाठ. आणि पाणी आले ते त्याची जागा आपण बुजविली म्हणून. कोतरांत भराव टाकले, पूर पसरावयाची मोकळी मैदाने भिंतींनी वेढली, कांस म्हणून जे ओहोळ नदीस मिळत त्यांवर वस्त्या उठल्या, लहान तळी नाहीशी झाली. नदीला पावसाळ्यात रुंद व्हावे लागते. ती रुंदी ज्या जमिनीवर आहे, त्या जमिनीला आता प्लॉटचे क्रमांक आहेत.

राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०२१ साली या नदीच्या पूरक्षेत्राची आखणी करून ते राखण्याचा आदेश दिला होता. महापुरानंतर, २०२५ च्या उन्हाळ्यात, शहरातील पात्र खोल व रुंद करण्याचे मोठे काम झाले. यंत्रांनी गाळ काढला, कित्येक ठिकाणी काठ तासले. काम व्हावयास हवे होते, याविषयी आम्हांस शंका नाही. ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांना नदीचे सौंदर्य सांगत बसणे निर्दयपणाचे होईल. पण त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा हिंडलो तेव्हा काही जागी जुनी झाडे गेलेली दिसली आणि उघडी माती उतरणीवरून खाली सरकत होती. झाडांची मुळे जी माती धरून ठेवतात, तीच माती मुळे गेल्यावर पात्रात येऊन बसते. म्हणजे काढलेला गाळ दोन पावसाळ्यांत परत. तेव्हा खोदकामाबरोबर लावणीही झाली पाहिजे, आणि ती शोभेच्या गुलमोहराची नव्हे तर करंज, जांभूळ, उंबर अशा पाण्याकाठच्या झाडांची. कोतरे बुजविण्याचे थांबले नाही तर खोल केलेले पात्रही अपुरेच पडेल. आपल्या मंडळांतून गणेशोत्सवाच्या सभांना नगरसेवक अध्यक्ष म्हणून येतात. हार घालून झाल्यावर त्यांना आपल्या प्रभागातील पूररेषा नकाशावर कोठे आहे, एवढे विचारण्यास हरकत नसावी.

त्या पालकभगिनी पुढच्या फेरीस स्वतःच आल्या, मुलाचा हात घट्ट धरून. अकोट्याच्या बाजूला उन्हात पडलेली एक मगर त्यांनी बराच वेळ पाहिली. ‘दुरून बरी दिसते,’ असे म्हणाल्या आणि मुलाला आणखी एक पाऊल मागे ओढले. आम्हांस ते दोन्ही योग्य वाटले.

ज्या कुटुंबांना यावयाचे असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. काळ मार्गशीर्ष ते माघ उत्तम. सुरुवात कामाटी बागेपासून करावी. तेथे कठडे आहेत व वृद्धांनाही चालता येते. काठावरून पाण्याकडे उतरू नये, मुलांना कोतरांच्या कडेवर खेळू देऊ नये, आणि मगरींना काही खाऊ घालण्याचा मोह टाळावा. फार पहाटे येऊन उपयोग नाही. थंडीत मगर पाण्यातच राहते. नऊच्या पुढे काठावर ऊन आले म्हणजे ती हळूहळू वर येते, तोंड उघडते आणि तासन्‌तास तशीच पडून राहते.