तांब्या नको, घोटाचा हिशेब ठेवा

आपल्याकडे एखादी बाई बारीक झाली की चार जणी तिला विचारतात, "आजारी होतीस का गं?" आणि चार जणी म्हणतात, "छान झालीस!" यापैकी एकीलाही खरे काय ते ठाऊक नसते. गेल्या मे महिन्यात आम्ही स्वतः या दोन्ही प्रकारच्या माणसांत होतो, म्हणूनच हा लेख लिहायला बसलो आहोत.

आमच्या नात्यातील एक ताई मुंबईत नोकरी करतात. वय पंचेचाळीसच्या आसपास. वजन फार वाढलेले, त्यात मधुमेह आणि गुडघेदुखी. नोकरीच्या ठिकाणच्या विम्यातून त्यांनी फेब्रुवारीत पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. सासरी फारसे कोणाला सांगितले नाही. "लोक म्हणतील, खायचा ताबा सुटला म्हणून पोट कापून घेतलं," ही भीती. मे महिन्यात पुतणीच्या लग्नासाठी त्या कुडपणला आल्या. आम्हीही गेलो होतो.

कुडपण म्हणजे पोलादपूर तालुक्याच्या अगदी टोकाचे, सह्याद्रीच्या कुशीतले गाव. पावसाळ्यात येथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळतो. पण काळ्या कातळाच्या उतारावरून ते सारे पाणी खाली धावत सुटते आणि एप्रिल-मे महिन्यांत डोंगरातल्या वाड्यांवर बायका हंडा-कळशी घेऊन झऱ्याची वाट धरतात. चार महिने कोसळलेले पाणी आठ महिने पुरत नाही, हे या भागातल्या माणसाला सांगावे लागत नाही. ताईंच्या पोटाचेही तसेच झाले होते, पण ते आम्हाला फार उशिरा कळले.

नेमके काय घडले

मुंबईहून निघताना ताईंनी मुद्दामच पाणी पिणे टाळले. एस.टी.चा रात्रीचा प्रवास, वाटेत बाईमाणसाला जायला धड जागा नाही. आपल्या भगिनींना हे नवे नाही. गावात आल्यावर घर पाहुण्यांनी भरलेले. पाणी डोक्यावरून आणलेले. अशा घरात दर दहा मिनिटांनी उठून पाणी मागायचे, तेही उकळलेले, याची त्यांना लाज वाटली. तहान लागली की आपण देतो तसा भरलेला तांब्या कोणीतरी हातात द्यायचे. त्यांनी तो एकदाच तोंडाला लावला आणि छातीत कळ येऊन सगळे उलटून पडले. त्यानंतर त्यांनी पाण्याचाच धसका घेतला. मग कोणी गोड सरबत दिले. त्यानेही मळमळ वाढली. आमच्या मंडळींनी आग्रह करून दोन घास जास्त भरवले. आम्ही म्हणालो, "ताई, किती छान बारीक झालात!"

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या अंथरुणावरून उठल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसल्या. ओठ सुकलेले, लघवी कोऱ्या चहासारखी आणि तीही अगदी थोडी. जीप करून पोलादपूर, तेथून महाड. सलाईन लावली, दोन दिवस ठेवून घेतले. डॉक्टर म्हणाले, "शरीरातलं पाणी संपलंय. आणखी एक दिवस गेला असता तर मूत्रपिंडावर बेतलं असतं."

आम्ही ज्याला छान बारीक होणे म्हणत होतो, त्यातला काही भाग नुसता सुकण्याचा होता. वजनकाट्याला चरबी आणि पाणी यांतला फरक कळत नाही.

ही शस्त्रक्रिया म्हणजे काय

2011 साली नितीन गडकरी यांनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली आणि ती गोष्ट लपवली नाही. 2017 साली इजिप्तच्या इमान अहमद उपचारांसाठी मुंबईत आल्या, तेव्हा तर घरोघरी या शस्त्रक्रियेची चर्चा झाली. पूर्वी ही श्रीमंतांची गोष्ट वाटायची. आता विम्यामुळे कामगारांच्या घरातही ती येऊ लागली आहे. म्हणून ती आपण समजून घेतली पाहिजे.

तिचे दोन प्रकार जास्त होतात. एकात जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. प्रकार कोणताही असो, सुरुवातीच्या दिवसांत त्या पोटात एका वेळी चहाच्या लहान कपाएवढेही मावणे कठीण असते. जो माणूस उन्हातून येऊन उभ्या-उभ्या अर्धा तांब्या पाणी रिचवायचा, त्याची ती सवय शस्त्रक्रियेच्या दिवसापासून संपते. शरीराची पाण्याची गरज मात्र संपत नाही. उलट अन्न कमी झाल्यामुळे भात, आमटी, भाजी यांतून मिळणारे पाणीही कमी होते. आपल्याला रोज लागणाऱ्या पाण्याचा साधारण पाचवा हिस्सा अन्नातूनच येत असतो, हे आपल्या लक्षातही नसते.

म्हणूनच अशी शस्त्रक्रिया झालेले रोगी घरी गेल्यावर पुन्हा इस्पितळात येतात, त्याच्या प्रमुख कारणांपैकी एक म्हणजे शरीरातले पाणी कमी होणे. आणि हे कारण बहुतेक वेळा घरच्या घरी टाळता येण्यासारखे असते.

पाण्याचा जमाखर्च

आमचा जन्म कारकुनीत गेला. त्यामुळे आम्ही ताईंसाठी पाण्याचा हिशेब मांडला, तोच येथे देतो.

बहुतेक डॉक्टर अशा रोग्याला दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव घ्यायला सांगतात. माणूस साधारण पंधरा तास जागा असतो. जेवताना पाणी प्यायचे नाही, आणि जेवण झाल्यावरही अर्धा तास थांबायचे, कारण लहान पोटात अन्न आणि पाणी एकदम गेले की मळमळते, उलटी होते, किंवा पाण्यानेच पोट भरून पोषक अन्न बाहेर राहते. तीन जेवणांचे तीन तास वजा केले की बारा तास उरले. दीड लिटर म्हणजे 1500 मिलिलिटर. त्याला बारांनी भागले की तासाला 125 मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक कप. हा कप एका दमात नाही, तर अर्ध्या-पाऊण तासात घोट घोट संपवायचा. दुपारपर्यंत सहा कप झाले नाहीत तर हिशेब तुटीत आहे असे समजावे. आणि ही तूट रात्री एकदम भरून काढता येत नाही. उन्हाळ्यात घाम जातो, तेव्हा कप वाढवावेत. नेमके प्रमाण मात्र आपल्या डॉक्टरांनी सांगितलेलेच धरावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर ते वेगळे असू शकते.

तहान लागण्याची वाट पाहू नये. घड्याळ पाहून प्यावे. अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या सकाळीच भरून ठेवाव्यात. संध्याकाळी किती रिकाम्या झाल्या ते डोळ्यांना दिसते, वही ठेवण्याचीही गरज नाही.

काय प्यावे, काय टाळावे

यासाठी बाजारातील महागड्या डब्यांची गरज नाही. उकळून गार केलेले पाणी सर्वांत उत्तम. त्याबरोबर लोणी काढलेले पातळ ताक, साखर न घातलेले आमसुलाचे पाणी, भाताची गाळलेली पेज, कुळथाचे पातळ कढण हे सारे आपल्या कोकणातल्या चुलीवरचेच आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत यातले काय कधी चालेल ते डॉक्टरांना विचारावे.

बाटलीतली फसफसणारी पेये घेऊ नयेत, त्यांच्या हवेने पोट ताणते. गोड सरबत, उसाचा रस, साखरेचा चहा यांनी घाम, धडधड, मळमळ आणि जुलाब होऊ शकतात, विशेषतः आतड्याला जोड दिलेल्या रोग्याला. दारू तर दूरच ठेवावी. या शस्त्रक्रियेनंतर ती फार लवकर चढते.

गावी जाताना पाण्याची खास काळजी घ्यावी. उन्हाळ्याच्या शेवटी झऱ्याचा तळ गढूळ होतो आणि पहिल्या पावसात डोंगरावरची घाण त्यात वाहून येते. धडधाकट माणूस दोन दिवसांचे जुलाब सहन करतो. या रोग्याला तेच दोन दिवस संकटात टाकतात, कारण गेलेले पाणी तो भराभर पिऊन भरून काढू शकत नाही.

जुलाब-उलटी झाल्यास ओ.आर.एस.चे एक मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून चमच्या-चमच्याने द्यावे. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपली, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी या साध्या मीठ-साखरेच्या पाण्यावर असंख्य माणसे वाचवली. तेच पाकीट आज कोणत्याही आरोग्य केंद्रात मिळते. मधुमेह असेल तर देताना डॉक्टरांना विचारावे.

धोका कसा ओळखावा

लघवी गडद पिवळी किंवा अगदी कमी होणे, तोंड कोरडे पडणे, उभे राहताना चक्कर, डोकेदुखी, विनाकारण थकवा ही सूचना आहे. सात-आठ तास लघवी न होणे, पाण्याचा घोटही न टिकणे, भोवळ येणे, किंवा ताप, पोटात तीव्र कळ आणि छातीत धडधड असेल तर रात्र काढू नये, तडक इस्पितळ गाठावे.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर शस्त्रक्रियेनंतर त्यांचे प्रमाण बदलावे लागते. ते मनाने बदलू नये आणि जुनेच चालूही ठेवू नये. अंगदुखीच्या गोळ्याही दुकानातून परस्पर घेऊ नयेत.

आणखी एक गोष्ट जिवाशी गाठ घालणारी आहे. अनेक दिवस उलट्या झाल्या तर शरीरातले बी-1 जीवनसत्त्व संपते आणि त्याचा परिणाम मेंदूवर होऊ शकतो. अशा वेळी आधी बी-1 न देता नुसती साखरेची सलाईन लावली तर त्रास वाढू शकतो. म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगावे, "यांची पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली आहे," आणि कागद दाखवावा. ताईंनी लाजेपोटी कागद मुंबईतच ठेवला होता.

त्या कागदाबद्दलही आमची तक्रार आहे. त्यात सारे नीट लिहिले होते, पण इंग्रजीत. ज्या घरात तो वाचायचा त्या घराची भाषा मराठी. रोग्याने आणि नातेवाइकांनी इस्पितळातून निघण्याआधी तो कागद मराठीत समजावून मागावा. तो आपला हक्क आहे, उपकार नव्हे.

लाज कसली?

महाडला ताईंच्या उशाशी बसलो असताना आम्हाला चवदार तळे आठवणे साहजिक होते. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसांनी तेथे पाणी ओंजळीत घेतले आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयात तो खटला आपण जिंकलो. त्या माणसांच्या लेकीसुना आज स्वतःच्या घरात पाणी मागायला लाजतात, ही गोष्ट आम्हाला सलाईनच्या बाटलीपेक्षा जास्त बोचली. दोष एकट्या ताईंचा नव्हता. त्यांनी मागू नये असे वातावरण आम्हीच केले होते.

आता त्या घरात बदल झाला आहे. आम्ही तो इंग्रजी कागद मराठीत उतरवला आणि हंड्याशेजारी भिंतीवर लावला. ताईंच्या सासूबाई पंचाहत्तरीच्या, अक्षरओळख नाही. पण बुद्धपौर्णिमेला ताई पुन्हा गावी गेल्या, तेव्हा घड्याळाचा मोठा काटा बारावर आला की म्हातारी स्वतः कप पुढे करायची आणि म्हणायची, "घे गं, तासाचा झाला."