कळ, खटका आणि कटकट

मराठीतला 'खटका' हा शब्द मोठा गुणी आहे. बंदुकीला खटका असतो, उंदराच्या सापळ्याला असतो. एखादी गोष्ट मनाला खटकते. दोन शहाणी माणसे एका छपराखाली नांदू लागली की त्यांचे खटके उडतात. या सगळ्यांत समान काय, असे मी दरवर्षी वर्गात विचारतो. मुले अर्थातच गप्प बसतात. मग मीच सांगतो की, खटक्यात काहीतरी आधी ताणलेले असते, ते एका नेमक्या क्षणी सुटते, आणि सुटल्याचे आपल्याला कळते. हे कळणे महत्त्वाचे. ज्याचे सुटणे कळत नाही तो खटकाच नव्हे.

या व्याख्येला धरून पाहिले तर आज कचेऱ्यांतून आणि घरांतून दिसणाऱ्या संगणकाच्या बहुतेक स्वस्त कळफलकांना खटका नाहीच. कळेच्या टोपीखाली रबराची एक लहानशी घुमटी असते आणि तिच्याखाली प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे. बोटाने घुमटी दाबून तळाला टेकवली की पापुद्रे एकमेकांना भिडतात आणि अक्षर उमटते. काम होते, पैसे वाचतात, आवाजही फारसा नाही. पण बोटाला कळते काय? मऊ पडलेली चकली चावताना दाताला जे कळते तेच. चकली साधली की नाही हे जिभेच्या आधी कान सांगतो, हे ऐन दिवाळीत मी वेगळे सांगायला नको.

खरा खटका असतो तो यांत्रिक कळफलकाला. तिथे प्रत्येक कळेखाली एक स्वतंत्र डबी असते. डबीत धातूची स्प्रिंग, वर-खाली सरकणारा प्लॅस्टिकचा दांडा आणि बाजूला धातूच्या दोन पात्या. दांडा खाली गेला की पात्या एकमेकींना भेटतात आणि विजेचा रस्ता पुरा होतो. १९५३ साली अमेरिकेत सुरू झालेल्या आणि पुढे जर्मनीत स्थिरावलेल्या चेरी कंपनीने १९८०च्या दशकात या घडणीचा 'एमएक्स' नावाचा खटका काढला. आज तसे खटके करणारे कारखाने चीनमध्ये पुष्कळ झाले आहेत, पण कूळ तेच. कळ तळापर्यंत चार मिलिमीटर जाते आणि अक्षर मात्र सुमारे दोन मिलिमीटरवरच उमटते. म्हणजे तळ गाठायची गरजच नाही. अर्ध्या वाटेवरून बोट परत फिरवले तरी चालते. अट एकच. अर्धी वाट कुठे आली हे बोटाला समजले पाहिजे.

इथे रंगांची भानगड सुरू होते. तांबडा, तपकिरी आणि निळा अशी दांड्याच्या रंगावरून खटक्यांची तीन घराणी ओळखतात. तांबडा अगदी सरळमार्गी. ४५ ग्रॅमच्या आसपास भार दिला की तो गुळगुळीत खाली जातो, अधेमधे काही सांगत नाही. संगणकावर लढाया खेळणाऱ्या मुलांना तो आवडतो. त्यांना उत्तर पडद्यावर मिळते, बोटाला नको असते. तपकिरीच्या दांड्याला एक बारीक उंचवटा असतो. पातीवरून तो उंचवटा सरकताना बोटाला किंचित अडथळा लागतो, रस्त्यावरच्या छोट्या गतिरोधकासारखा, पण आवाज त्याचा असा नाही. आणि निळा! त्याचा दांडा दोन भागांचा. आतला भाग बोटाबरोबर खाली जातो, बाहेरचा सैल भाग क्षणभर अडून राहतो आणि मग एकदम निसटून खाली आदळतो. तोच तो प्रसिद्ध 'टिक'.

टिकच का, टक का नाही? मराठी कानाला हा प्रश्न पडतोच, आणि आपली भाषा या बाबतीत इतकी श्रीमंत आहे की तंत्रज्ञांनी ती उसनी घ्यावी. ट अल्पप्राण, हलका, कोरडा; ठ महाप्राण, अंगापिंडाने भारी. इ हा स्वर बारीक, अ जाडसर. निळ्या खटक्याचा निसटता भाग बारीक, म्हणून टिक. मग बोट थांबले नाही आणि कळ तळाला आदळली की ठक. तांबडा खटका टिक म्हणतच नाही, त्याच्याजवळ फक्त ठक. रबरी घुमटी बिचारी 'ठप' म्हणते, तेही ओठांतल्या ओठांत. कळ वर परततानाचा एक आणखी वेगळा, पोकळ 'टक' असतो, पण तो ऐकायला रात्र आणि रिकामे घर लागते.

या आवाजात खटक्याचा वाटा असतो तितकाच भोवतालचाही. कळेची टोपी पातळ असेल तर स्वर चढा, जाड असेल तर उतरता. कळफलकाची पोकळ पेटी उघड्या टेबलावर ठेवली तर ती तंबोऱ्याच्या भोपळ्याप्रमाणे आवाज वाढवते; खाली जाड चादर अंथरा, निम्मा कलकलाट गेला. शौकीन मंडळी तर डब्या उघडून स्प्रिंगला वंगण लावतात, पेटीत फोम भरतात. हेतू काय, तर स्प्रिंगची किणकिण जावी आणि खालच्या पट्टीतला भरीव आवाज उरावा. इंग्रजीत त्याला त्यांनी 'थॉक' असे नवे नाव पाडले आहे. वंगणापर्यंत मी जाणार नाही. सतारीची जवारी काढणे समजू शकतो; अर्ज टाइप करायच्या यंत्राची जवारी काढणे जरा अतीच.

मात्र एका बाबतीत मी जुन्यांच्या बाजूचा आहे. आयबीएमचा १९८५च्या सुमाराचा 'मॉडेल एम' हा कळफलक आजही काही लोक जिवापाड जपतात. त्याच्या कळेखाली स्प्रिंग उभी असते. दाबत गेले की एका क्षणी ती कमरेत वाकते आणि वाकताना खालच्या लहान हातोडीला झटका देते. आवाज येतो तो त्या वाकण्याचा आणि अक्षर उमटते तेही त्याच वाकण्याने. निळ्या खटक्यात टिक करणारा भाग वेगळा आणि अक्षर उमटवणाऱ्या पात्या वेगळ्या. दोघांची वेळ जुळवून दिलेली असते इतकेच. एक साक्षीदार डोळ्यांनी पाहिलेले सांगतो, दुसरा पढवलेला. दुसराही खोटे बोलत नाही, पण फरक तो फरक.

साक्षीदार हा शब्द सुचला तो आमच्या नानांमुळे. माझे वडील छत्तीस वर्षे सरकारी कचेरीत मराठी टंकलेखक होते. गोदरेजने १९५५ साली देशी टाइपरायटर काढला, त्या वंशातल्या यंत्रांवर त्यांची हयात गेली. मराठी टाइपरायटर हे कानाचे काम होते. साधे अक्षर मारले की दोन आवाज होत: खिळा रुळावर आदळल्याचा आणि कॅरेज एक घर सरकल्याचा. पण अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी बसणाऱ्या काही चिन्हांच्या कळा मुक्या असत; त्या दाबल्या तर खिळा आदळे, कॅरेज मात्र जागची हलत नसे. एक आवाज कमी. मजकुराकडे न बघता नाना नुसत्या आवाजावरून शेजारच्या कारकुनाची सुटलेली मात्रा सांगत, अशी त्यांची ख्याती होती.

आज ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेला आहे. कडेचे दिसते, समोरचे अक्षर दिसत नाही. बोटे शाबूत आहेत. त्यांना इंदूरला धाकट्या भावाला पत्र लिहायचे होते. दोघांत शेताच्या वाटणीवरून खटके उडाल्याला अकरा वर्षे झाली होती. मी म्हटले, "नाना, तुम्ही सांगा, मी लिहून घेतो." ते म्हणाले, "तुला सांगण्यासारखं असतं तर तुलाच नसतं का सांगितलं?"

संगणकात जुन्या टाइपरायटरच्या मांडणीची सोय मिळते, ती मी करून दिली. पण माझ्या मांडीवरच्या संगणकाच्या सपाट कळांवर नाना पार हरले. अक्षर गेले की नाही हे कळेना, म्हणून तीच कळ पुन्हा दाबत. 'प्रिय'चा 'प्प्रिय' होई. शेवटी निळ्या खटक्यांचा कळफलक आणला. इंग्रजी एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे चाचपून त्यांनी बोटे जागेवर ठेवली, दहा-बारा कळा दाबून पाहिल्या, आणि म्हणाले, "हं. हा उत्तर देतो." चार दुपारी बसून त्यांनी पत्र पुरे केले. प्रिंटरवर छापून, न वाचता घडी घालून पाकिटात टाकायचे अशी मला आज्ञा होती, ती मी पाळली. एखादी मात्रा राहिली असली तर ती इंदुरात कळली असेल.

उत्तर आले. ते काकांच्या हस्ताक्षरात, त्यामुळे मलाच वाचून दाखवावे लागले. पाऊस, सोयाबीन, काकूंचे गुडघे आणि शेवटी 'बाकी भेटीअंती'. नानांनी ते दोनदा वाचायला लावले.

तेव्हापासून त्यांचे लिहिणे वाढले आहे आणि झोप कमी झाली आहे. रात्री अकराला टिक-ठक, टिक-ठक सुरू होते. भिंतीपलीकडे आमच्या सौ. उत्तरपत्रिका तपासत बसलेल्या असतात. खटक्यावरून खटके उडायची वेळ आली. तेव्हा टोप्यांच्या आत घालायच्या बारीक रबरी कड्या मी आणल्या आणि एका रविवारी शंभरावर टोप्या उपटून एकेक कडी बसवली. कड्यांनी कळ तळाला आदळायची थांबते, पण सैल भागाच्या निसटण्याला त्या काही करू शकत नाहीत. ठक गेला, टिक राहिला. नानांना टिकच हवा होता. सौ. आता दार लावून घेतात.