सांभाळणारीचीही विचारपूस करूया

वस्तीत रात्री संडासला जायचे म्हणजे अरुंद गल्ली, उघडे गटार आणि बंद पडलेला दिवा. चांगले दिसणारा माणूसही तिथे जपून पाय टाकतो. ज्या घरात रातांधळेपणा पिढ्यान्‌पिढ्या आला आहे, तिथे एकासाठी दुसऱ्यालाही उठावे लागते. बहुधा आई, बायको किंवा बहीण उठते. पहाटे पाण्याच्या रांगेत तीच असते आणि नंतर कामावरही तीच जाते. तिची झोप पुरी होते का, हे आपण कधी विचारतो?

रेटिनायटिस पिगमेंटोसा हा असा एक आनुवंशिक आजार आहे. डोळ्याच्या पडद्यातील पेशी हळूहळू मरतात. आधी अंधारात दिसेनासे होते, मग बाजूचे दिसत नाही. शेवटी नळीतून पाहावे तेवढेच उरते. म्हणून समोरचा पेपर वाचणारा माणूस बाजूच्या बादलीला अडखळतो. लोक म्हणतात, "सोंग करतो." हे बोल घरच्या बाईलाच ऐकावे लागतात. मुलाला आजार झाला की दोषही आईच्याच माथी. खरे तर बऱ्याच घरांत सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून येतो, आणि त्या दोघांना स्वतःला काहीच त्रास नसतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता ४ पैकी १ असते. नात्यात लग्न केल्याने हा धोका वाढतो. यात कुणाचे पाप नाही की शाप नाही.

लहान मुलांना 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही रात्री दिसत नाही आणि ते उपचाराने बरे होते. म्हणून आधी सरकारी रुग्णालयात नेत्रतज्ज्ञांना दाखवा. आजार आनुवंशिक निघाला, तर हमखास इलाज सांगणाऱ्या भोंदूंसाठी दागिने मोडू नका.

दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल, तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. सवलती आणि योजनांसाठी ते लागते. ज्यांना जास्त आधार लागतो, त्यांच्यासाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. तो मिळावा म्हणून आपण मिळून मागणी केली पाहिजे.

घरातही ओझे हलके करता येते. रुग्णाला पांढरी काठी वापरायला शिकू द्या. उंबऱ्याला आणि पायऱ्यांच्या कडेला पिवळा पट्टा रंगवा. बादल्या, चपला ठरल्या जागी ठेवा. त्याला जमेल ते काम त्याला करू द्या. भावाला ने-आण करण्यासाठी बहिणीची शाळा मात्र बंद करू नका.

सांभाळणारीला झोप लागत नसेल, सारखे रडू येत असेल, तर तिलाही डॉक्टरांकडे न्या. आणि शेजाऱ्यांनो, आठवड्यातून दोन तास तिच्या माणसाजवळ बसा. तेवढ्या वेळात ती निवांत झोपेल, माहेरी जाऊन येईल किंवा विहारात मैत्रिणींमध्ये बसेल.