सरळ बांधा, सुरेख पेहराव

"हिला काही घाला, हँगरला अडकवल्यासारखंच दिसतं!" लग्नकार्यात हे वाक्य हमखास कानावर येतं. बोलणारी विसरून जाते. ऐकणारी मुलगी मात्र दोन मापं मोठा कुर्ता घालू लागते, ओढणी अंगभर गुंडाळून घेते. आमच्या शिवणवर्गात अशा कितीतरी मुली येतात. माप द्यायलाही लाजतात.

मैत्रिणींनो, छाती, कंबर आणि सीट या तीन मापांत फारसा फरक नसला की झाला सरळ बांधा. तो बारीक बायकांचाच असतो असं नाही. अंगाने भरलेल्या कित्येकींचाही असतो. उंचीसारखीच ही आई-आजीकडून आलेली ठेवण. त्याला आजार समजू नका. हां, सतत थकवा वाटत असेल, धाप लागत असेल, तर हिमोग्लोबिन जरूर तपासा. ते १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांकडे जा.

साडी या बांध्याला फार छान दिसते. साडेपाच मीटर कापड अंगावर आलं की भरलेपण आपोआप येतं. खळ घातलेली सुती साडी, नारायणपेठ, मंगळगिरी अशा जरा उभ्या राहणाऱ्या साड्या निवडा. शिफॉन, जॉर्जेट अंगाला चिकटतात; घ्यायचीच तर रुंद काठाची घ्या. आत फिशकट परकराऐवजी घेराचा, कळ्यांचा परकर घाला. बारीक चुण्या करून पिन लावलेल्या पदरापेक्षा हातावर मोकळा सोडलेला पदर जास्त शोभतो. सणासमारंभाला कमरपट्टा घाला, कंबर लगेच उठून दिसते.

ड्रेसच्या बाबतीत, कंबरेपासून घेर सुटणारा कळीदार किंवा ए लाइन कुर्ता शिवा. पाठीला दोन टक्स घ्यायला सांगा. गळ्याशी चुण्या, फुग्याची बाही, खाली पतियाळा, यांनी भरीव दिसतं. कुर्ता आणि सलवार वेगवेगळ्या रंगांची असू द्या. चार टक्सच्या ब्लाउजला पुढे घड्या पडत असतील तर प्रिन्सेस कट शिवून बघा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माप. टेलरकडे जुना ब्लाउज टाकून येऊ नका, अंगावरून माप द्या. तयार कपडा घेताना आधी खांदा बघा. खांदा नीट बसला तर बाजू आत घेता येतात. खांदाच उतरत असेल तर दुरुस्ती कठीण. ढगळ कपड्यात बारीक बाई आणखी बारीक दिसते, हे आरशासमोर एकदा पडताळून बघाच.

आणि हो, हे सगळं हौस असेल तर! सरळ कुर्ता आणि जीन्स याच बांध्याला सुरेख दिसते. तुम्हाला तेच आवडत असेल तर खुशाल घाला. बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी आतून पॅड लावायचा आग्रह आयांनी तरी करू नये. मुलगी म्हणजे काही दुकानातला माल नव्हे. तिच्या मापाचा एक चांगला ड्रेस शिवून द्या आणि "छान दिसतेस गं" एवढं मनापासून म्हणा. ती ओढणी आपोआप सैल सोडेल.