सुपर्ब फेअरीरेन पक्षी : ओळख आणि सवयी

आकार : लांबी सुमारे १४ सेंमी, वजन जेमतेम १० ग्रॅम. शेपटी बहुधा उभी.

कुठे? आग्नेय ऑस्ट्रेलिया, टास्मानिया. सिडनी-मेलबर्नच्या बागांतही.

नर : विणीच्या हंगामात माथा, गाल चमकदार निळे, गळा गडद, पोट पांढुरके. एरवी तपकिरी, पण शेपटी निळीच.

मादी : तपकिरी, चोच आणि डोळ्यांभोवतीचा भाग तांबूस-नारिंगी.

गल्लत नको : नराच्या खांद्यावर तांबूस पट्टा असेल, तर व्हेरिगेटेड फेअरीरेन. पोटही निळे असेल, तर स्प्लेंडिड.

आहार : मुंग्या, नाकतोडे, इतर कीटक, थोडे बी.

संसार : घरटे गवताचे, घुमटाकार. थोरली भावंडेही पिल्लांना भरवतात. जोडी टिकाऊ, तरी बरीच पिल्ले परक्या नराची! नर चोचीत पिवळी पाकळी धरून शेजारणीकडे जातो. अंडी उबवताना मादी विशिष्ट सूर काढते. पिल्ले पुढे त्याच सुरात अन्न मागतात.