युरोपीय भाषांचे मुक्त अनुवादक व दुभाषी : शोध आणि निवड

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळ पुरविण्याबाबत करार झाला. तेव्हापासून अनुवादक कोठे मिळेल, हा प्रश्न परळी वैजनाथसारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयांपुढेही उभा राहू लागला आहे. प्रस्तुत लेखात या शोधाचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

लिखित मजकुराचे भाषांतर करतो तो अनुवादक व समोरासमोरील संभाषण उलगडून सांगतो तो दुभाषी. गोव्यातील पोर्तुगीज राजवटीत राज्याच्या दुभाष्याचे स्वतंत्र पदच होते. पांडुरंग पिसुर्लेकरांच्या १९५२ च्या पोर्तुगीज ग्रंथात अशा एतद्देशीय मध्यस्थांची माहिती मिळते. ही दोन कौशल्ये एकाच व्यक्तीकडे असतीलच असे नाही. भाषेची 'बी-२' परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे अनुवादक होणे नव्हे, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

सर्वांत मोठी गफलत होते ती शपथबद्ध अनुवादाबाबत. जर्मनीत न्यायालयाकडून शपथ घेतलेल्या अनुवादकांची भाषानिहाय व शहरनिहाय सूची तेथील न्याय विभागांनी संकेतस्थळावर खुली ठेवली आहे. फ्रान्समध्ये अपील न्यायालये अशा याद्या ठेवतात. भारतात अशी राष्ट्रीय व्यवस्था नाही. म्हणून कागदपत्र स्वीकारणाऱ्या कार्यालयाला कोणाचा अनुवाद चालतो, हे आधी विचारावे आणि मगच पैसे खर्च करावेत. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही. नाकारलेल्या अनुवादाचा खर्च त्याच्याच कुटुंबावर पडतो.

मराठीतून थेट जर्मन वा फ्रेंचमध्ये उतरविणारे थोडेच असल्याने मजकूर बहुधा इंग्रजीमार्गे जातो आणि चुका तेथेच शिरतात. एकाच गावाचे नाव एका दाखल्यावर 'परळी वैजनाथ', तर दुसऱ्यावर 'परळी वैद्यनाथ' असते. परदेशातील अधिकाऱ्याला ही दोन गावे वाटू शकतात. नावांची रोमन अक्षररचना पारपत्राप्रमाणे लेखी कळवावी आणि मूळ दाखल्यातील भेद अनुवादकाकडून टिपेत नोंदवून घ्यावा.

संशोधनपर लेख वा पत्रव्यवहार यांना शपथेची गरज नसते. त्यासाठी पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषा विभाग, मॅक्सम्युलर भवन किंवा आलियांस फ्रांसेज येथे चौकशी करणे सोयीचे ठरते. अर्ध्या पानाचा नमुना आधी करून घ्यावा. 'आयएसओ १७१००' या २०१५ च्या मानकानुसार दुसऱ्या भाषातज्ज्ञाने अनुवाद मूळ मजकुराशी ताडून पाहणे आवश्यक असते. एकटा मुक्त अनुवादक हे काम कोणाकडून करून घेणार, ते ठरवून घ्यावे. मोबदल्याची रीतही भिन्न आहे : जर्मनीत मोकळ्या जागांसह ५५ चिन्हांची एक प्रमाण ओळ धरतात, आपल्याकडे बहुधा शब्द किंवा पान धरतात, तर दुभाष्याचा हिशेब तासांवर किंवा दिवसांवर होतो.